गाडी ठरवताना मांडीवरचे मूलही मोजा

परीक्षा संपल्या की वस्तीत एकच विषय निघतो. यंदा पोरांना मुंबई दाखवायची. ६ डिसेंबरच्या गर्दीत लहान मुले नेता येत नाहीत, म्हणून बरीच घरे मे महिन्याच्या सुट्टीत निघतात. चैत्यभूमीला अभिवादन करायचे, राजगृह पाहायचे, राणीच्या बागेत पेंग्विन बघायचे, समुद्रात पाय भिजवायचे. मग तीन-चार घरे मिळून एक गाडी ठरवतात. गाडी असते सात जणांची आणि माणसे भरतात बारा. कुणी विचारलेच तर उत्तर तयार असते, "लहान लेकरं मांडीवर बसतील, त्यांना कशाला जागा?"

आमचे या पानावरचे सांगणे आज एवढेच आहे. लेकराला जागा लागते, आणि पट्टाही लागतो. सहलीचा डबा, कपडे, पाण्याच्या बाटल्या आपण आठवणीने मोजतो. त्याच यादीत मांडीवरचे मूलही मोजले पाहिजे.

मांडी म्हणजे पट्टा नव्हे

आईच्या कुशीत बाळ सगळ्यात सुरक्षित, असे आपल्याला वाटते. घरात ते खरे आहे, पण धावत्या गाडीत ते खरे नाही. गाडी ताशी ५० किलोमीटरने धावत असते, तेव्हा आत बसलेला प्रत्येक जणही त्याच वेगाने पुढे जात असतो. गाडी कशावर तरी आदळून थांबते. आतली माणसे मात्र थांबत नाहीत, ती पुढच्या सीटवर, काचेवर किंवा एकमेकांवर आपटतात. या वेगाने आपटणे म्हणजे साधारण १० मीटर उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून, खाली पडण्यासारखे आहे.

१० किलोच्या बाळाचा हिशेब करून पाहा. गाडी एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली तर ते बाळ हातातून सुटायला जवळजवळ १४० किलोचा जोर लावते. तांदळाची ५० किलोची तीन पोती एकदम ओढावीत, तेवढा तो जोर असतो. आई कितीही घट्ट धरो, मायेने तेवढे बळ हातात येत नाही. त्यात आईनेच पट्टा बांधलेला नसेल तर तिचे सगळे वजन बाळावर येते आणि बाळ आई व पुढची सीट यांच्यामध्ये चेपले जाते. अपघात विभागात ड्यूटी करताना आम्ही अशी मुले पाहिली आहेत. मोठ्यांना खरचटलेले असते आणि मुलाच्या डोक्याला मार लागलेला असतो. त्या आयांनी मुलाला सोडले नव्हते. मूल त्यांच्या हातात राहणे शक्यच नव्हते.

काही जणी स्वतःच्या पट्ट्यातच बाळाला बांधून घेतात. तसे कधीही करू नका. धक्का बसला की पट्टा बाळाच्या पोटात रुततो आणि मागून आईचा भार पडतो. दोन मुलांना एका पट्ट्यात बांधणेही तेवढेच घातक आहे.

मागे बसले की काही होत नाही, हाही गैरसमज आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. गाडी महागडी होती. मागच्या सीटवर बसलेल्या दोघांचाही मृत्यू झाला, आणि दोघांनीही पट्टा बांधलेला नव्हता, असे पोलिसांनी सांगितले. गाडी महाग असो वा जुनी, न बांधलेला पट्टा कुणालाच वाचवत नाही.

कायदा काय सांगतो

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये दुरुस्ती झाली. कलम १९४-ब प्रमाणे १४ वर्षांखालील मूल पट्ट्याने किंवा मुलांच्या खास सीटने बांधलेले नसेल तर १००० रुपये दंड आहे. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून पोलिसांनी गाडीतल्या सगळ्या प्रवाशांना पट्टा सक्तीचा केला आहे. गाडीत किती जण बसू शकतात हे आर.सी. बुकात लिहिलेले असते. त्यापेक्षा जास्त माणसे भरली तर दंड होतोच, शिवाय अपघात झाल्यावर विम्याच्या दाव्यातही अडचणी येतात.

दंडाच्या भीतीने पट्टा बांधा, असे आम्ही म्हणत नाही. कायदा मुलाला स्वतंत्र प्रवासी मानतो, एवढे ध्यानात घ्या. मोठ्यांच्या मांडीवर उरलेल्या जागेत ठेवायचे ते सामान नाही.

चाळीसगावचा टांगा

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत प्रवासाचे दोन प्रसंग लिहिले आहेत. १९०१ साली लहानगे भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुले वडिलांना भेटायला निघाली. मसूर स्टेशनवर उतरल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैल स्वतः हाकत या मुलांना जावे लागले. गाडीवान बाजूने पायी चालला.

दुसरा प्रसंग १९२९ सालचा, चाळीसगावचा. बाबासाहेब तेव्हा बॅरिस्टर झाले होते. स्टेशनवर आपली माणसे स्वागताला आली. पाहुण्याला वस्तीपर्यंत पायी कसे न्यायचे, म्हणून त्यांनी टांगा मिळवला. टांगेवाला मात्र अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. मग वस्तीतल्याच एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकायची सवय नव्हती. पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांच्या पायाचे हाड मोडले. बाबासाहेबांनी लिहिताना त्या माणसांची माया ओळखली, आणि चूकही दाखवून दिली. पाहुण्याचा मान राखताना त्याच्या जिवाच्या सुरक्षिततेचा विचार मागे पडला. या सगळ्याचे मूळ अर्थातच टांगेवाल्याच्या जातीच्या अहंकारात होते.

आज पैसे मोजले की गाडी मिळते. हा हक्क आपल्याला सहज मिळालेला नाही. पण चाळीसगावची ती माया आपल्यात अजून तशीच आहे. "शेजारच्या मावशीला घेतलं, मग तिच्या सुनेला कसं नाही म्हणायचं?" या एका वाक्याने गाडी भरत जाते. नाही म्हणणे आपल्याला जड जाते, आणि त्याची किंमत सगळ्यात लहान माणूस मोजतो. अपघात नशिबाने होत नाही. प्रत्येक गोष्टीला कारण असते आणि कारण दूर केले की परिणाम टळतो, ही तर आपल्या धम्माची शिकवण आहे. मैत्रीभावना गाडीतही पाळायची असेल तर एक गाडी कोंबून भरण्यापेक्षा दोन घरांनी एस.टी.ने यावे. त्यात कुणाचा अपमान नाही.

कार सीट: कुणाला कोणती

मुलांच्या खास सीटला कार सीट म्हणतात. ही सीट गाडीच्या सीटला पट्ट्याने घट्ट बांधायची असते आणि मूल तिच्या स्वतःच्या पट्ट्यांत बसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते अशा सीटमुळे तान्ह्या बाळांचे अपघाती मृत्यू सुमारे ७१ टक्क्यांनी कमी होऊ शकतात.

• जन्मापासून १३ किलोपर्यंत: बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहील अशी सीट. लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान नाजूक असते. तोंड मागे असले की धक्का पाठीवर पसरतो आणि मान वाचते. निदान दोन वर्षांपर्यंत, किंवा सीटची वजनमर्यादा संपेपर्यंत, मूल असेच बसवावे.

• ९ ते १८ किलो: तोंड पुढे असलेली, खांद्यावरून आणि कमरेवरून पट्टे येणारी सीट. मागे तोंड करून बसवणारी सीट लहान पडू लागली की मगच या सीटवर या.

• १५ ते ३६ किलो: बूस्टर, म्हणजे मुलाला उंच करणारी बैठक. ही असली की गाडीचा नेहमीचा पट्टा मुलाला नीट बसतो. मूल साधारण साडेचार फुटांच्या पुढे जाईपर्यंत ती लागते.

पट्टा नीट बसला का, हे असे ओळखा. खालचा पट्टा पोटावर नको, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर हवा. वरचा पट्टा गळ्यावर नको, खांद्याच्या मधून छातीवर यायला हवा. कार सीटचे पट्टे आणि छाती यांच्यामध्ये जेमतेम बोट जावे. बसवलेली सीट हाताने हलवून पाहा, इंचापेक्षा जास्त हलली तर ती सैल आहे. बाळाला दुपट्यात गुंडाळून वर पट्टा लावू नका. आधी पट्टा, मग वरून पांघरूण. मूल नेहमी मागेच बसवा. पुढे एअरबॅग असेल तर तोंड मागे करून बसवणारी सीट तिथे कधीच ठेवू नका. एअरबॅग फुगताना बाळाच्या डोक्यावर आदळते.

विहाराच्या कपाटात दोन सीट

आता खरा प्रश्न पैशाचा. नव्या सीटला काही हजार रुपये पडतात. वर्षातून एकदा गाडीत बसणाऱ्या घराने ती विकत घ्यावी, असे आम्ही सांगणार नाही. पण लग्नाची भांडी, सतरंज्या, लाऊडस्पीकर आपण विहारातून वापरतोच ना? महिला मंडळाने वर्गणी काढून दोन सीट घ्याव्यात, एक तान्ह्या बाळाची आणि एक मोठ्या मुलाची, आणि त्या विहारात ठेवाव्यात. ज्या घराला बाहेर जायचे त्याने वहीत नाव लिहून न्यावी, आणि धुऊन, पुसून परत आणावी.

घेताना तिच्यावर ए.आय.एस. ०७२ किंवा ई.सी.ई. चे मानांकन आहे का ते पाहा. जुनी सीट घ्यायची तर ओळखीच्या घरातूनच घ्या. एकदा अपघातात सापडलेली सीट पुन्हा वापरायची नसते, आणि भंगार बाजारातल्या सीटचा इतिहास कुणालाच ठाऊक नसतो. पट्टे उसवलेले नाहीत, बकल लागते, तळाला तडा नाही, वापराची मुदत संपलेली नाही, एवढे तपासा. मोठ्या शहरांत काही दुकाने सीट भाड्यानेही देतात.

सीट नसेल तेव्हा

गाडी ठरवताना, आगाऊ पैसे देण्याआधी, चालकाला विचारा, "दादा, मागच्या सगळ्या सीटना पट्टे आहेत का? बकल वर काढून ठेवाल का?" भाड्याच्या गाड्यांत बहुधा पट्टा असतो, पण बकल सीट कव्हरखाली दडपलेले असते. निघायच्या सकाळी ते शोधत बसण्यापेक्षा आदल्या दिवशी सांगितलेले बरे. मग जेवढे पट्टे तेवढीच माणसे. तीन-चार वर्षांपुढच्या मुलाला स्वतंत्र पट्टा बांधणे हे मांडीपेक्षा कितीतरी चांगले. वरचा पट्टा गळ्याला काचत असेल तर मुलाला किंचित मधल्या बाजूला सरकवून बसवा. पट्टा काखेखालून किंवा पाठीमागून मात्र घेऊ नका.

तान्ह्या बाळाला सीटशिवाय मोटारीतून लांब न्यायचे टाळाच. रेल्वे किंवा एस.टी. हाच त्याच्यासाठी चांगला पर्याय, आणि स्वस्तही. रेल्वेत ५ वर्षांखालच्या मुलाला वेगळी बर्थ घेतली नाही तर तिकीट लागत नाही. एस.टी.त मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे. चार बायका आणि त्यांची लेकरे एस.टी.ने आली तर भाड्याच्या गाडीपेक्षा खर्च बराच कमी येतो. एस.टी.त मधल्या रांगांमध्ये बसा, आणि मुलाचे हात-डोके खिडकीबाहेर जाऊ देऊ नका.

मुंबईत फिरताना

मुंबईत उतरल्यावर गाडीची गरज फारशी पडत नाही. दादर पश्चिमेला शिवाजी पार्कजवळ चैत्यभूमी आणि समुद्र, तर पूर्वेला हिंदू कॉलनीत राजगृह. ही दोन्ही ठिकाणे एका सकाळी होतात. तिथून लोकलने परळ. परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेब बरीच वर्षे राहिले, ती चाळही मुलांना दाखवा. त्याच मार्गावर पुढे करी रोड, चिंचपोकळी आणि मग भायखळा. भायखळ्याला राणीची बाग आहे, ती बुधवारी बंद असते.

सकाळी कामाच्या वेळेला लोकल दक्षिणेकडे भरून जातात आणि संध्याकाळी उत्तरेकडे. लेकरांना घेऊन अकरा ते चार या वेळेतच लोकलने फिरा. बायकांच्या डब्यात १२ वर्षांखालचा मुलगा आईबरोबर जाऊ शकतो. दारात उभे राहायचे नाही, आणि उतरायचे स्टेशन यायच्या आधीच मुले जवळ घ्यायची. चढताना एक मोठे माणूस पुढे, मध्ये मुले, शेवटी दुसरे मोठे माणूस, असा क्रम ठेवा. गाडी सुटत असेल तर सोडून द्या, दुसरी थोड्या वेळात येते.

दादर, परळ, भायखळा या भागात ऑटोरिक्षा नाहीत. तिथे बेस्टची बस किंवा टॅक्सी. टॅक्सीत बसताच आधी मागचा पट्टा शोधा. उपनगरात रिक्षा घेतली तर मूल दोन मोठ्यांच्या मध्ये बसवा, कडेला नको. चालकाच्या शेजारी तर कुणालाच नको.

नातेवाईक प्रेमाने म्हणतात, "चला, बाईकवर सोडतो." नियम असा की दुचाकीवर चालकाशिवाय एकच जण बसू शकतो. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला त्याच्या मापाचे हेल्मेट हवे, आणि त्याला चालकाशी बांधून ठेवणारा खास पट्टा हवा. अशा वेळी वेग ताशी ४० किलोमीटरच्या वर न्यायचा नाही. हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चार वर्षांपुढे प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचे आहे. ओढणीने बाळ पाठीला बांधून दुचाकीवर बसणे ही सुरक्षा नाही.

ऊन, उलटी आणि हरवणे

• बंद गाडीत मुलाला पाच मिनिटेही एकटे ठेवू नका. उन्हात गाडी भट्टीसारखी तापते, आणि लहान मुलाचे अंग मोठ्यांपेक्षा फार लवकर तापते. काच थोडी खाली ठेवून काही फरक पडत नाही.

• ज्या मुलांना गाडी लागते त्यांना निघताना पोटभर खाऊ घालू नका, हलके द्या. मोबाईल हातात देऊ नका, समोर लांब बघायला सांगा. दोन वर्षांखालच्या मुलाला उलटीची किंवा झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

• ओ.आर.एस.ची पाकिटे जवळ ठेवा. मोठे पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवायचे. थोडी पूड थोड्या पाण्यात, असे अंदाजाने नाही.

• दर दोन तासांनी गाडी थांबवा. मुलाला सीटमधून बाहेर काढा, पाय मोकळे होऊ द्या, बाळाला पाजा. धावत्या गाडीत पट्टा सोडून पाजू नका.

• प्रत्येक मुलाच्या खिशात आई-वडिलांचा मोबाईल नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा. मूल हरवले तर ११२ किंवा १०९८ वर लगेच फोन करा.

अपघात झालाच तर

१०८ ला फोन करा. मूल शुद्धीवर असेल, श्वास नीट असेल आणि आग वगैरेचा धोका नसेल तर घाईने ओढून बाहेर काढू नका, मान हलवू नका. रक्त येत असेल तिथे स्वच्छ कापड दाबून धरा. पाणी पाजू नका. डोक्याला मार लागला आणि मूल नंतर खेळायला लागले, तरी एक दिवस लक्ष ठेवा. वारंवार उलटी, जास्त झोप, झटके, कानानाकातून पाणी किंवा रक्त, बोलण्या-चालण्यात फरक, यातले एकही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठा. मुंबईत परळला के.ई.एम. आणि मुलांचे वाडिया रुग्णालय आहे, भायखळ्याला जे.जे. आहे.

येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर दहा मिनिटे या विषयाला द्या. कोण कुठे जाणार, किती मोठी माणसे, किती लेकरे, गाडीला पट्टे किती, हे एका कागदावर मांडा. लेकरांचा आकडा वेगळा लिहा आणि मोठ्यांच्या आकड्यात मिळवा. बेरीज पट्ट्यांपेक्षा जास्त आली तर दुसरी सोय तिथेच ठरवा. लिहिता-वाचता येणाऱ्या मुलामुलीकडेच ही यादी द्या. बसायच्या आधी तीच मुले प्रत्येकाचा पट्टा तपासतील, आजीचासुद्धा.

जयभीम! नमो बुद्धाय!